हिरामावशी आणि आमच्याकडचा पाऊस

हिरामावशी आमच्या दारात आली की आधी दोरीवरचे कपडे हुंगायची. मग बोलायची. "कुबट मारतंय गो बाय," असं म्हणत निम्मे कपडे काखोटीला मारून घेऊन जायची आणि संध्याकाळी शेगडीवर वाळवून, धुपाच्या वासासकट परत आणायची. परवानगी वगैरे भानगड नाही.

मी माण तालुक्यातली. लग्न होऊन बदलापूर गावात आले, तेव्हा पाऊस म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे तो पाहुण्यासारखा यायचा. इथं आषाढ-श्रावणात घरजावयासारखा मुक्काम ठोकायचा. चपलांना बुरशी, काडेपेटी पेटेना, मिठाला पाणी सुटलेलं. मी रडकुंडीला आले की शेजारची मावशी हसायची. "पावसाशी भांडाचा नाय. त्याला जेवाला वाढाचा आन आपला काम कराचा."

माझी मुलगी श्रावणातच झाली. ती महिन्याचीही नव्हती तेव्हा एका दुपारी उल्हास नदीचं पाणी आळीत शिरलं. हे मोरिवलीला कारखान्यात अडकलेले. शेजाऱ्यांनी आम्हाला शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं, पण वाटेत लेकरू पार भिजलं. वर पोचलो तर तिचं रडणं थांबलेलं, ओठ निळसर. भोवती शंभर माणसं, आणि कोरडी चिंधी एकाकडेही नाही.

मावशीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि ती जिना उतरली. "मावशी, पाणी वाढतंय!" कुणीतरी ओरडलं. खिडकीतून पाहिलं, तर ती छातीभर पाण्यातून घराकडे चालली होती. परतली तेव्हा डोक्यावर पत्र्याचा डबा होता. तिच्या माळ्यावरचा. आत माझ्याच मुलीची लंगोटं, झबली, एक गोधडी. सगळं खडखडीत कोरडं.

"उघडी कर पोरीला. पुस आंग. आता छातीशी धर."

थोड्या वेळानं माझी लेक तारस्वरात रडली. मीही रडले. मावशी कोपऱ्यात कुडकुडत बसली होती. मी गोधडीचं टोक पुढं केलं, तर म्हणाली, "ठेव तिला. माझा बाप मिठागरावरचा. मीठ इरघलतं, मी नाय."

पुढे तिच्या मुलानं घर बिल्डरला दिलं आणि मावशी चिखलोलीला अकराव्या मजल्यावर गेली. गेल्या पावसाळ्यात मी भेटायला गेले. काचेपलीकडे धो-धो कोसळत होता, आत आवाजही नव्हता. "हितं पाऊस दिसतो गो," ती म्हणाली, "पन भेटाला येत नाय."

मी तिला लिफ्टनं खाली आणलं. हात धरून उघड्यावर नेलं. वॉचमन ओरडला, "आजी, भीग जाओगी!"

"तुजा काय जातं रे?" मावशी म्हणाली. चपला काढून ती कडेच्या चिखलात उतरली, पायाची बोटं रुतवली आणि डोळे मिटून तोंड वर केलं. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो.

त्याच वर्षी थंडीत ती गेली.