पान दुसरं, वाहतुकीचा खर्च

"तुमच्या रिपोर्टातलं पहिलं काम लगेच करून टाकलं, मॅडम," चव्हाणसाहेब म्हणाले आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "टेम्पो विकला. मंजोजीला पण घरी पाठवला."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

मी कॉस्ट अकाउंटंट. कारखान्याचा पैसा कुठे झिरपतो ते शोधून मालकाला सांगायचं, हे माझं काम. चव्हाणसाहेबांचा बंगळूरजवळ आनेकलला पंपांची रबरी सील बनवायचा कारखाना आहे. त्यांच्या स्टोअरचा रिपोर्ट मी तीन महिन्यांपूर्वी दिला होता आणि काय फरक पडला ते बघायला गेले होते. मंजोजीअण्णा त्यांचे टेम्पो ड्रायव्हर, अठरा वर्षांचे जुने. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, मराठी फक्त घरातली. मी गेले की परतताना बसस्टँडपर्यंत तेच सोडायचे.

"पण टेम्पो विका असं मी कुठं लिहिलं होतं?"

चव्हाणसाहेब मूळचे निपाणीचे. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. "हे काय, पान दुसरं. 'वाहतुकीचा खर्च सर्वांत जास्त असून तो तातडीने कमी करावा.' मी खाली लाल रेघ पण ओढलोय बघा की."

वाक्य माझंच होतं.

इंग्रजी रिपोर्टात मी 'इन्व्हेंटरी कॅरिंग कॉस्ट' लिहिलं होतं. या कॅरिंगचा ओझी नेण्याआणण्याशी काही संबंध नाही. माल दारातून आत आला की वापरला जाईपर्यंत नुसता पडून असतो, आणि पडून राहणंही फुकट होत नाही. त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज चालू, गोडाऊनचं भाडं चालू, विमा चालू. कच्चं रबर तर पडल्या जागी कडक होत जातं. स्वस्त मिळाले म्हणून दहा किलो बटाटे आणले आणि निम्म्यांना कोंब फुटले, तर ते स्वस्त पडले का? तेवढीच गोष्ट. चव्हाणसाहेब भाव उतरला की वर्षभराचं रबर भरून ठेवायचे. खरेदी आवरा, एवढंच मला सांगायचं होतं.

इंग्रजी वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी दोन पानांचा मराठी सारांश जोडला. कुणी मागितला नव्हता. मालक मराठी, मीही मराठी, हे दाखवायची मला हौस. माझं शिक्षण कन्नड आणि इंग्रजीत झालं. मराठीत मला डाळ निवडता येते, भांडता येतं, टोमणे मारता येतात. ऑफिसचं काम मी मराठीत कधी केलंच नव्हतं. कॅरी म्हणजे वाहणे, मग कॅरिंग कॉस्ट म्हणजे वाहतुकीचा खर्च. टाइप केलं आणि वर स्वतःवर खूशही झाले. कुणाला विचारलं असतं तर हिला मराठी येत नाही असं दिसलं असतं.

हे सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आकडे एकदा परत बघते आणि कळवते." चहा संपवला आणि उठले. गेटवर स्टोअरकीपर भेटला. मंजोजीअण्णा बंगळूरच्या शिवाजीनगरला एका पाइपच्या दुकानात लागलेत, असं तो म्हणाला. नोकरी मिळालीय म्हणजे फार बिघडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अकरा दिवस मी काही कळवलं नाही. माझ्या हेब्बाळच्या ऑफिसात दुसरी कामं उपसत बसले. रोज सकाळी वाटायचं, आज फोन करू. मग आठवायचं की चव्हाणसाहेब आणखी दोन कारखान्यांत माझी शिफारस करणार आहेत. लाज वाटत होती, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

बाराव्या दिवशी शिवाजीनगरला गेले. अण्णा तिथेही गाडी चालवत असतील असं मी धरून चालले होते. ते लॉरीतून खोकी पाठीवर घेऊन उतरवत होते. वय सत्तावन्न.

"अक्का, इकडं कुठं?" खोकं खाली ठेवून त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "स्वल्प थांबा, स्टूल आणतो."

मी नको म्हटलं. ते जरा घुटमळले. "आलात ते बरं झालं. एक विचारायचं होतं. तुमच्या कागदात गाडीचा खर्च जास्त निघाला म्हणे. अक्का, डिझेल मी कधी काढलं नाही. एक लिटर पण नाही. घरात पोरंसुद्धा विचारतात."

मी त्यांना चोर ठरवलं, असं हा माणूस तीन महिने समजून होता. तरी माझ्यासाठी स्टूल आणायला निघाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"तुमच्या गाडीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, अण्णा," मी म्हटलं. "माल गोडाऊनमध्ये ठेवून ठेवून जो खर्च होतो, तो लिहायचा होता. माझा शब्द चुकला."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "बाळगायचा खर्च म्हणायचं की. आमची अम्मा म्हशीचं तसंच सांगायची. दूध असो नसो, बाळगायचा खर्च आहेच."

"मला सुचला नाही."

"मग मला विचारायचं. गाडीत आपण मराठीच बोलायचो ना."

मी त्यांना आनेकलला चला म्हटलं. लॉरी अजून अर्धी उतरवायची होती, ती टाकून ते यायला तयार नव्हते. "तुम्ही आधी सांगून या. डिझेलचं तेवढं नक्की सांगा."

दुपारी मी चव्हाणसाहेबांपुढे उभी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे टेम्पो उगाच गेला?"

"हो."

"हे तुम्हाला कळलं कधी?"

या प्रश्नाला मी अकरा दिवस घाबरत होते. "तुम्ही कागद दाखवलात तेव्हाच."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शब्द चुकतो, मॅडम. माझा पण चुकतोय. पण चहा पिऊन गेलासा, ते काय बरोबर नाही." मग माझ्यासमोरच त्यांनी मंजोजीअण्णांना फोन लावला आणि पहिलं वाक्य डिझेलबद्दल बोलले.

अण्णा परत आले. टेम्पो मात्र गेला तो गेलाच, त्यामुळे आता ते स्टोअर बघतात. रबर गरजेपुरतं येतं, जुनं आधी निघतं. त्या दोन शिफारशी आल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

हल्ली मराठीत काही लिहिलं की आधी कुणाला तरी वाचायला देते. हेही दिलं होतं. पण चुकीचा शब्द ही त्यातली लहान गोष्ट. चूक अकरा दिवस मी बाळगली आणि तेवढे दिवस जास्तीची खोकी अण्णांनी उचलली.

वर्षाचं काम ठरलेलं आहे म्हणून मी अजून आनेकलला जाते. बसस्टँडपर्यंत आता चालत. गेल्या खेपेला अण्णा गेटपर्यंत आले होते.

"अक्का," ते म्हणाले, "आज काय बाळगून आणलं नाहीत ना?"

ते हसत होते. मला हसता आलं नाही.