आईच्या वाटणीचं आमेन

आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेला नंबर असतात. धाकट्यापासून सुरू करायचं आणि थोरल्यापाशी संपवायचं. आधी भाऊ, मग मी, मग आई, शेवटी बाबा. ज्याचा नंबर असेल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची, आमेन आधी त्यानेच म्हणायचं, मग बाकीच्यांनी. दुसऱ्याचं आमेन आपण आधी म्हणून टाकलं तर त्याला देवासमोरून दंडाला धरून उठवल्यासारखं होतं, असं आजोबा सांगायचे. ते नगरकडच्या खेड्यांतून सायकलवर उपदेश करत हिंडायचे. पुढे बाबांच्या नोकरीपायी आम्ही चेन्नईला आलो, अंबत्तूरला फ्लॅट घेतला, भाऊ तमिळमध्ये भांडायला शिकला, पण हा नियम काही सुटला नाही. लहानपणी भाऊ मुद्दाम लांबण लावायचा. जगातले सगळे आजारी, सगळे प्रवासी, शेजारचं मांजरसुद्धा. पोटात कावळे ओरडत असले तरी त्याचं आमेन येईपर्यंत कुणाची हलायची टाप नव्हती.

आईला घशाचा कॅन्सर निघाला, तोही नेमका स्वरयंत्राला. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, की मध्ये खंड पडू द्यायचा नाही. अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटतो आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसं राहत नाही. बाबांचं धाबं दणाणलं ते यानेच. आई म्हणजे हट्टाची पक्की. एकदा नाही म्हणाली की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

तिला सकाळी मी घेऊन जायचे. मशीनखाली मान हलू नये म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा जाळीदार प्लॅस्टिकचा मास्क बनवतात. गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून बसवतात, आणि तो गार होऊन कडक झाला की तुमचं नाक, तुमची हनुवटी त्यात जशीच्या तशी उमटलेली असते. हे सगळे मास्क आतल्या भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने ठेवलेले असायचे. डोळे मिटलेले पांढरे चेहरे, एकाशेजारी एक. आईचं थोडं वाकडं नाक मला लांबूनच ओळखू यायचं. खरं सांगते, त्या भिंतीकडे पाठ करून उभं राहायची माझी छाती होत नसे.

काही दिवसांतच आईचा आवाज गेला. आधी बसला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा. प्रार्थनेत तिच्या नंबराचं काय करायचं? भाऊ म्हणाला, "बाबा, आईचं तुम्हीच करून टाका ना." बाबा त्याच्यावर खेकसले. तिचा नंबर तिचाच. तिने मनातल्या मनात करावी, आम्ही डोळे मिटून थांबू, आणि संपली की तिने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करावी. तसं सुरू झालं. टकटक झाली की आम्ही तिघं आमेन म्हणायचो, आणि बाबा म्हणायचे, "चला, म्हणजे उद्या रेडिएशनला येतेय." कारण सकाळी उठून रिक्षात बसायला तिची कुरकूर तोवर सुरू झाली होती. मान हलवायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. नाकातल्या नळीतून पेज घालताना मला दोन्ही हातांनी ढकलून द्यायची. मग मीही चिडायचे, मग रडायचे.

एका सकाळी ती आत जाता जाता थबकली आणि फळीकडे बोट केलं. तिच्या शेजारचा मास्क नव्हता. मी म्हटलं, "त्यांचं पूर्ण झालं असेल." आईने माझ्याकडे जे पाहिलं ना, मला मान वर करवेना. ते गृहस्थ रोज आमच्याच आधी आत जायचे, आणि त्यांचं निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी टकटक झाली नाही. आम्ही डोळे मिटून बसलो होतो. खाली कुणीतरी स्कूटर लावली, पंख्याचं पातं करकरत राहिलं. आणि मग आम्ही तिघांनी आमेन म्हटलं. एकाच क्षणी. मागेपुढे नाही. मी डोळे उघडले तर आईचा हात मांडीवर होता, खुर्चीच्या हातावर नव्हताच. भावाने विचारलं, "ताई, तू ऐकलंस?" मी हो म्हटलं. काय ऐकलं ते मला सांगता आलं नसतं.

मग रोज तसंच व्हायला लागलं. शांतता कधी छोटी, कधी इतकी लांब की माझ्या पायांना मुंग्या यायच्या, पण संपायची तेव्हा तिघांची एकदमच संपायची. कुणी अडखळलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. आमच्या चर्चच्या तमिळ मंडळीतल्या बायका रविवारी येऊन भिंती हादरतील अशी प्रार्थना करून जायच्या, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण आईच्या नंबराला माझ्या अंगावर काटा यायला लागला. बाबा मात्र निवांत. त्यांच्या मते आई आतून बोलते आणि आपल्याला ते पोचतं, बस्स. त्यांचा सगळा जीव त्या एका आमेनवर टांगलेला होता.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी मामी राहते, तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिने मला जिन्यात अडवलं. आईचा आवाज परत आला ना, म्हणाली, "काल सांजेस ऐकिला." त्या दिवशी आईच्या घशातून थुंकीसुद्धा नीट उतरत नव्हती. मी बरं म्हणून वर आले आणि दाराला कडी घातली. घरात कुणाला सांगितलं नाही.

रेडिएशन पूर्ण झालं. एकही दिवस चुकला नाही. पुढे स्कॅन चांगला आला, बाबा चर्चच्या पाळकांसमोर लहान मुलासारखे रडले, आणि हळूहळू आईचा आवाज फुटला. जाडसर, पुरुषी आवाज. एका दुपारी भेंडी चिरता चिरता मी तिला छेडलं, "काय गं, एवढं काय मागत होतीस देवाकडे? आमचे पाय आखडायचे."

"मी कुठे काय मागत होते?" ती म्हणाली. "मी प्रार्थनाच करत नव्हते."

माझी सुरी थांबली.

"फळीवर ती जागा रिकामी दिसली ना, तेव्हापासून आतल्या आतसुद्धा शब्द निघेना. डोळे उघडे ठेवून तुमची तोंडं बघत बसायचे. रोज ठरवायचे, यांचं झालं की आज खुणेने सांगून टाकायचं, उद्यापासून मी येणार नाही. मरू दे मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तिघं एकदम आमेन म्हणायचात. माझ्या वाटणीचं. मला वाटायचं तुमचं काहीतरी ठरलंय, बाबा पायाने खूण करत असतील. एवढं करतायत बिचारे, म्हटलं, जाऊ अजून एक दिवस."

"आई, आमचं काहीच ठरलं नव्हतं. आम्हाला वाटायचं तू संपवतेस."

मग उठून तिने उगाचच गॅस बंद आहे का ते पाहिलं.

त्या संध्याकाळी आईचा नंबर आला. आवाज आला होता तरी तिने अजून मोठ्याने प्रार्थना करायला घेतली नव्हती. बाबांनी आणि भावाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. आईनेही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. बाबांचे पाय स्थिर होते, भावाचे हात मांडीवर. मी ओठ घट्ट मिटून ठेवले. काही झालं तरी आज आपण म्हणायचं नाही, असं मी ठरवलंच होतं.

आणि आमेन झालं. बाबांचं, भावाचं, माझंसुद्धा. माझ्या तोंडून ते बाहेर पडलेलं मी माझ्याच कानांनी ऐकलं.

आईने भुवया उंचावून मला विचारलं, तू म्हटलंस? मी मान हलवली, नाही. बाबांनी आपली प्रार्थना सुरू केली, आणि कित्येक महिन्यांनी आईनेही प्रार्थनेसाठी डोळे मिटले.