तिसरा घाव

हाड मोडल्याचा आवाज नभोनाट्यासाठी काढायचा असला, की आम्ही माइकजवळ गाजर मोडायचो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि आम्ही उरलेलं गाजर हसत हसत खाऊन टाकायचो. खरा आवाज तसा नसतो. तो लहान असतो, ओलसर असतो, आणि कानापर्यंत पोचेतो संपलेलाही असतो. चैत्रातल्या एका दुपारी, चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका जुन्या मॅन्शनच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या फटीतून कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड गंध आणि समुद्राचा खारा वारा एकदमच आत येत असताना, मी तो ऐकला. हाड दुसऱ्याचं होतं. लोखंडी दांडा माझ्या हातात होता.

मी सांगलीची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीने चेन्नईला आले, बदल्या थांबल्या आणि आम्ही इथलेच झालो. ध्वनिसंपादन हे माझं एकमेव कसब. बोलणाऱ्याचे खोकले, अडखळणी, श्वास आणि नको असलेली वाक्यं कापून उरलेलं असं सांधायचं की शिवण दिसू नये. गेली काही वर्षं मी मोबाइलवर ऐकायच्या एका छोट्या रेडिओसाठी हे काम करत होते. मॅन्शनमधल्या एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या खोल्यांना लागून आमच्या दोन खोल्या. व्हरांड्यात वाळत घातलेले बनियन, खालच्या खानावळीतून चढत येणारा सांबाराचा वास, आणि बाहेरचा कोलाहल आत येऊ नये म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींवर मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून टांगलेल्या.

त्या खोलीत दर मंगळवारी माधवराव बोलायचे. ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, सत्तरी ओलांडलेले, मूळचे तंजावरकडचे. त्यांचं तमिळ असं स्वच्छ की रिक्षावालेही थांबून ऐकत, आणि त्यांचं मराठी असं प्राचीन की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. ‘मज’, ‘तुज’, ‘अस्के लोक’ म्हणजे सगळे लोक. पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेली भाषा त्यांच्या तोंडी तमिळ हेलकाव्यात अजून जिवंत होती. मला ते ‘बाई’ म्हणत. निवडणूक जाहीर झाल्यापासून पक्षोपक्षांच्या राजकारणावर आठ मिनिटांचं त्यांचं तमिळ भाष्य हे आमच्या रेडिओचं सर्वांत जास्त ऐकलं जाणारं सदर झालं होतं.

लोकसभेच्या त्या निवडणुकीचा उन्हाळा आठवला, की मला आधी क्रियापदं आठवतात. गाडून टाकू, चिरडून टाकू, मुळासकट उपटू, धूळ चारू. भोंगे लावलेल्या रिक्षा सकाळपासून ती क्रियापदं गल्लीगल्लीत शिंपडत फिरत. मंदिराच्या तळ्याकाठी फुलं ओवणाऱ्या बायका, पेपर वाचणारे म्हातारे, कॉफीच्या दुकानापुढे उभे असलेले कारकून, सगळ्यांच्या बोलण्यात हळूहळू ती मुरत गेली होती. दोघे मित्र राजकीय पक्षांविषयी बोलायला लागत आणि पाच मिनिटांत एकमेकांच्या तोंडाकडे न बघता मुठींकडे बघत. आमच्या गोधड्यांच्या खोलीत मात्र असली क्रियापदं येत नाहीत, असा मला अभिमान होता. तिथे विचार होतो, अशी माझी समजूत होती.

त्या मंगळवारी माधवराव सभांना जमवल्या जाणाऱ्या गर्दीवर बोलले. एका पक्षाचं नाव घेऊन ते म्हणाले, “बिर्याणीच्या एका पुड्यासाठी जो माणूस दिवसभर उन्हात झेंडा धरून बसतो, त्याने मत देण्याआधीच स्वतःला विकलेलं असतं.” मग क्षणभर थांबून, थोडं खोकत, त्यांनी पुढचं वाक्य जोडलं, “पण त्याला हसण्याचा मला अधिकार नाही, माझ्या घरी दोन वेळचं शिजतं. लाज वाटायचीच असेल तर ती पुडा वाटणाऱ्याला वाटावी.” भाष्य अकरा सेकंदांनी लांबलं होतं. खोकल्यासकट ते दुसरं वाक्य बरोबर अकरा सेकंदांचं होतं. मी ते कापलं. कापताना मनात काहीच आलं नाही, हे मला आज सर्वांत भयंकर वाटतं. उलट विकलं गेल्याच्या त्या घणाघाती शब्दावर भाष्य संपलं, तेव्हा शेवट कसा बसला म्हणून मी खुर्चीत मागे रेलून समाधानाने चहा प्यायले.

दोन दिवसांत त्या एका वाक्याची ध्वनिफीत शहरभर फिरली. कुणी तिच्यावर माधवरावांचा फोटो चिकटवला, कुणी शिव्या, कुणी टाळ्या.

शुक्रवारी चारच्या सुमाराला माधवराव पुढच्या भाष्याचे कागद घेऊन आले होते. ताकाचा पेला संपवून ते माइकपुढे बसले, तेवढ्यात तीन माणसं जिना चढून आली. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. कुणाच्याही घरात शिरताना काढाव्यात तशा, सवयीने. त्यामुळे मला वाटलं, कुणी श्रोते आलेत.

“राव कोण?” त्यांतल्या सर्वांत धिप्पाड माणसाने विचारलं.

“मीच. बसा ना,” माधवराव उठून म्हणाले.

पहिली थप्पड इतकी जोरात होती की त्यांचा चष्मा भिंतीवरच्या गोधडीत जाऊन अडकला. दुसऱ्याने त्यांची मान धरून कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. कागदांवर रक्त पडलं, आणि वाळूवर पाणी जिरावं तसं ते भाष्याच्या ओळींत पसरत गेलं. माधवराव खाली कोसळले. मग तो धिप्पाड माणूस त्यांना लाथा मारू लागला, अनवाणी पायाने, बरगड्यांत, पोटात, तोंडावर, आणि प्रत्येक लाथेबरोबर एकच शब्द म्हणू लागला, “बिर्याणी? बिर्याणी?” तो रागाने रडत होता. हे मी नीट पाहिलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पाय थांबत नव्हता.

मी किंचाळले. पण ती खोली आवाज अडवण्यासाठीच तर मी सजवली होती. माझ्याच हातच्या गोधड्यांनी माझी किंकाळी पिऊन टाकली. शेजारच्या खोलीत क्रिकेट बघणाऱ्या माणसांना काही ऐकू गेलं नाही.

त्या धिप्पाड माणसाने पाण्याचा पितळी तांब्या उचलला आणि माधवरावांच्या डोक्यावर घालायला हात वर नेला. तेव्हा मी माइकचा जाड लोखंडी स्टँड उलटा धरून त्याच्या मनगटावर घातला. तो लहानसा, ओलसर आवाज तेव्हाचा. तांब्या घरंगळत गेला. तो माझ्याकडे वळला, मी दुसरा घाव घातला, खांद्यावर. आणि तो भिंतीला घसटत खाली बसला. त्याचे दोघे सोबती हे बघून पळाले. चपला तशाच टाकून पळाले. आता खोलीत आम्ही तिघंच होतो: निपचित पडलेले माधवराव, मी, आणि मोडका हात मांडीवर घेऊन बसलेला तो. त्याने दुसरा हात तोंडापुढे धरला. “अम्मा, वेणाम,” तो म्हणाला. आई, नको.

मी तिसरा घाव घातला. त्याच मोडक्या हातावर.

या तिसऱ्या घावाविषयी पोलीस ठाण्यात मला कुणी विचारलं नाही. इन्स्पेक्टर भले गृहस्थ होते. “तुम्ही स्वसंरक्षणासाठी मारलंत मॅडम, घाबरू नका,” असं म्हणून त्यांनी तसं लिहून घेतलं, आणि मी सही केली. कुणाचं संरक्षण? तो शरण आला होता. त्या वेळी माझ्या दंडांतून जे उसळत वर आलं होतं, ते भय नव्हतं. तो आनंद होता, लखलखीत आणि निर्मळ, आयुष्यात क्वचितच कशाने झाला असेल असा. गाडून टाकू, चिरडून टाकू ही क्रियापदं बाहेरच्या भोंग्यांतून नव्हे तर माझ्याच पोटात कधीची वाढत होती, हे मला त्या एका क्षणात कळलं, आणि कळूनही हात थांबला नाही.

माधवरावांना आणि त्या माणसाला, सेल्वम त्याचं नाव, एकाच सरकारी रुग्णालयात नेलं. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या, दारात हवालदार. तिसऱ्या दिवशी माधवराव बोलू लागले. तीन बरगड्या मोडलेल्या, ओठाला टाके, डावा डोळा पट्टीखाली. मी त्यांच्या उशाशी बसून त्या अकरा सेकंदांची कबुली दिली. माझ्यामुळे हे झालं, ते पुढचं वाक्य राहिलं असतं तर कुणी आलं नसतं, असं म्हणताना मला रडू आवरेना.

 ते छताकडे बघत हळू म्हणाले, “बाई, तें वाक्य गेलें, हें मज तेच दिवशीं कळलें. मी ऐकलों ना घरीं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“अस्के लोक फोन केले. सर, काय मारलां, म्हणाले. इतकें वर्ष शिकवलों, कोणी असें म्हटलें नव्हतें.” टाके ओढल्यामुळे ते थांबले. “मज बरें वाटलें, बाई. म्हणून उगी राहिलों. तुम्ही एकट्या कापल्या नाहींत.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. माधवरावांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. मुलगी त्यांना शोळिंगनल्लूरला आपल्या घरी घेऊन गेली. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमधल्या त्या फ्लॅटमध्ये ते नातवंडांना गोष्टी सांगतात, राजकारणावर बोलत नाहीत. पळालेले दोघे सापडले, खटला चालू आहे, तारखा पडताहेत. सेल्वम जॉर्ज टाउनच्या बाजारात पोती वाहायचा. त्याचा उजवा हात आता वर उचलला जात नाही. पहिल्या दोन घावांनी काय मोडलं आणि तिसऱ्याने काय, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही.

त्या दिवशी माधवरावांच्या उशाजवळून उठून मी खाली आले, तेव्हा दुपार टळत होती. समुद्राचा वारा उशिरा सुटला होता, आणि फिनाइल, मोगरा आणि घामाचा मिसळलेला वास व्हरांड्यातून वाहत होता. खालच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, पिवळ्या साडीतली. बाक गच्च भरलेले; तिने सरकून मला जागा दिली.

“अक्का, काप्पी घेता थोडी?” तिने फ्लास्कच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. “तुमचं कोण आहे आत?”

“ओळखीचे आहेत. वर,” मी म्हणाले. “तुमचं?”

“नवरा. सेल्वम.” मग ती आपणहून बोलत सुटली, अनोळखी माणसाजवळ बोलतात तसं. “रेडिओवर कुणी म्हातारा म्हणाला, आमच्या पक्षातली माणसं बिर्याणीला विकली जातात. अक्का, हा अठराव्या वर्षापासून पक्षात आहे. सभेला जाताना घरचा डबा नेतो. ताकभात आणि लिंबाचं लोणचं. तिथलं काही खात नाही, पाणीसुद्धा नाही. का, तर कुणी बोट दाखवू नये म्हणून. हा डबा मी भरते, मला माहीत आहे.”

 मी कॉफीचं झाकण तसंच बाकावर ठेवलं.

“त्याने मारायला नको होतं,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला कुणी मारतं का? मी त्याला सांगितलं तसं. पण त्याच्या हाताचं कुणी काय केलं, तेही बघा ना.”

“मी केलं,” मी म्हणाले.

तिला कळेना. मी पुन्हा सांगितलं, नीट, तमिळमध्ये, एकेक शब्द वेगळा करून. तांब्या उचलल्यावर मारलं ते सांगितलं. तो बसल्यावर, नको म्हणाल्यावर मारलं तेही सांगितलं. इन्स्पेक्टरला न सांगितलेलं तिला सांगितलं.

ती उठली आणि तिने माझ्या तोंडात मारली. पोती वाहणाऱ्याची बायको. हात जड होता. कान सुन्न झाला, डोळ्यांपुढे पांढरं आलं. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली, हवालदार दारातून दोन पावलं पुढे आला. मी त्याला हाताने थांबवलं. माझ्या दंडांत या वेळी काही उसळलं नाही, किंवा उसळलं असेल तर मी ते येऊ दिलं नाही. दोन्हींत फरक असतो आणि तो मला अजून नक्की करता आलेला नाही.

ती तशीच धापा टाकत उभी राहिली. मग बसायला दुसरी जागाच नव्हती म्हणून, पुन्हा माझ्या शेजारी बसली. आमचे खांदे एकमेकींना टेकले होते. 

“पाच जण होते म्हणाला,” अखेर ती समोर बघत पुटपुटली. “पाच धटिंगणांनी धरून मारलं, असं सांगितलं त्याने मला. आईलाही तेच सांगितलं.” तिने पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले. “पाचच राहू देत, अक्का. मला कळलंय हे त्याला कळायला नको.”

भेटीची वेळ झाली. फ्लास्क काखेत मारून, पाच जणांशी लढलेल्या नवऱ्याच्या बायकोचा चेहरा लावून ती आत गेली. मी तिथेच बसून राहिले. त्या पाचांतली एक मी, हे उघड आहे. उरलेले चार कोण, याचा विचार मी अजूनही करते. आणि जितका करते तितकं वाटत जातं, की सेल्वमने आकडा अगदीच खोटा सांगितला नव्हता.