शिंपीचा तुटलेला तुकडा

मुलगी वेळेआधी झाली, चिमणीएवढी. तिला ओढून पिता येईना. डॉक्टरीणबाईंनी वाटी-चमच्याने दूध पाजायला सांगितलं, तर सासूबाईंनी फडताळातून शिंपी काढली. त्यांच्या माहेरच्या नदीतली. बिजागरीशी कधीच सुटलेली, पण दोन्ही पाकळ्या जपून ठेवलेल्या. एकीने लेकराला दूध पाजायचं, दुसरीने कैऱ्या सोलायच्या.

"चमचा हिरडीले टोचते वं. तुह्या नवऱ्याले हिच्यानंच पाजलं मी."

मला हे मुळीच पसंत नव्हतं. पण बाळंतिणीचं ऐकतो कोण?

सक्करदऱ्याच्या आमच्या घरात उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीपुढे काही ऐकू येत नाही. एका दुपारी मात्र मुलीचा ठसका ऐकू आला. धावले. सासूबाईंच्या मांडीवर ती लालबुंद झाली होती. पाठ थोपटल्यावर रडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग त्यांच्या हातातली शिंपी पाहिली. कडेचा नखाएवढा तुकडा गायब होता.

"आई, हे कधी तुटलं?"

"मले काय माहीत? सकाळी कैऱ्या सोलल्या, पण त्या त दुसरीनं."

दुपटं झटकलं, फरशी हाताने चाचपली. तुकडा नव्हता. दवाखान्यात छाती-पोटाचा फोटो काढला, त्यातही काही दिसलं नाही. "इतकं पातळ दिसेलच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक आपोआप निघून जाईल. धाप लागली, रक्त दिसलं, की लगेच आणा."

ते 'बहुतेक' माझ्या डोक्यात घर करून बसलं. प्रत्येक लंगोट मी उजेडात धरून पाही. मुलगी रडली की भीती, गाढ झोपली की जास्तच भीती. दूध पाजायचं काम मी सासूबाईंकडून काढून घेतलं, तिला उचलूही देईना. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त संताप येई.

पोळ्याच्या सुमारास त्या दिवशी सोललेल्या कैऱ्यांच्या गुळांब्याची बरणी उघडली. मुलगी तोवर पालथी पडायला लागली होती. दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. हातावर काढून धुतलं. पातळ, चकचकीत.

"आई!"

त्यांनी पाहिलं, आणि ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीतून ती शिंपी आणली. मला वाटलं होतं, त्यांनी ती केव्हाच फेकली असेल. त्यांनी तुकडा कडेला लावला. बरोब्बर बसला. सोलताना पाकळ्यांची अदलाबदल झाली होती. तुकडा कैऱ्यांत पडला होता.

तुकडा तिथेच धरून त्या म्हणाल्या, "मले वाटलं, माह्याच हातानं गेलं लेकराच्या पोटात. रोज चोरून पाहत होती मी, श्वास घेऊन राहिली का नाही."

मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले. त्यांनी हात मागे घेतले.

"नको वं, तूच धर. मले अजून भेव लागते."