नोझलला मारलेली फुंक

थोरलीचा हात फवारणीवर असा बसला होता की मुकादमही म्हणायचा, "हिच्या पंपातला थेंब वाया जायचा नाही." बावीस वर्षं तिने पॉलीहाऊसातल्या गुलाबांवर औषध मारलं. नोझल तुंबलं की तार शोधत बसणं तिला ठाऊकच नव्हतं. काढायचं, बाहीला पुसायचं, ओठांत धरून फुंक मारायची आणि थुंकून टाकायचं. धाकट्या जावेला तिनेच हे शिकवलं. "तार शोधत बसलीस तर औषध टाकीतच म्हातारं होईल," म्हणाली होती.

त्या सोमवारी धाकटीचं नोझल तुंबलं.

"आवर गं राणी! तुझी वाट बघून फुलं कोमेजायची," थोरली पलीकडच्या ओळीतून ओरडली.

धाकटीला हसू फुटलं. घाईघाईत तिने नोझल न काढताच टोक ओठांत धरलं आणि हातातला पंपाचा चाप दाबला गेला. दाबातलं औषध थेट घशात गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगावर उडालं की पोटात गेलं?"

"वारा फिरला, तोंडावर उडालं," थोरली बोलून गेली. खरं सांगितलं असतं तर ही खोड कुणी लावली, तेही सांगावं लागलं असतं. ओकून ओकून गळालेल्या धाकटीनेही मान हलवली.

कपडे बदलले, अंग धुतलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी धाकटी उठून बसली. "ताई, घरी चला. इथल्या चहापेक्षा ते औषध बरं होतं." थोरली हसली आणि मनात देवाला हात जोडले. देवाने आपलं खोटं पदरात घेतलं, असं तिला वाटलं. माणूस देवालाही आपल्या सोयीचा करून घेतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "हा सीआरपी. आत कुठेतरी आग लागली की रक्तात हा वाढतो. परवा बारा होता, आज शहाण्णव आहे. आणि हा एसजीपीटी. लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यातून हा रक्तात सांडतो. चाळीसच्या आत हवा, तिथे नऊशे झालाय." मग चष्मा काढून त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तोंडावरच्या शिंतोड्यांनी एवढं होईल असं मला वाटत नाही. आणि बंद पॉलीहाऊसात वारा कुठून आला, बाई?"

खाटेवरून धाकटीच म्हणाली, "मीच मूर्खपणा केला, डॉक्टर. माझ्या मनानेच नोझल तोंडात धरलं."

ती अजूनही आपल्याला पाठीशी घालतेय, हे थोरलीला सहन होईना. "खोटं बोलतेय ती. मी शिकवलंय तिला."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पहिल्या तासात कळलं असतं, तर पोटातलं काढायचा विचार तरी करता आला असता."

धाकटीचे डोळे पिवळे झाले. अकरा दिवस थोरली रोज आकडे विचारत राहिली. आधी सीआरपी उतरला, मग रडतखडत एसजीपीटी. धाकटी वाचली, पण सहा महिने तिला कामावर जायला मनाई झाली. तिने थोरलीला एका शब्दानेही बोल लावला नाही. थोरलीला तेच जास्त झोंबतं.

आता समोर कुणी आलं की थोरलीची नजर आधी त्याच्या डोळ्यांतल्या पांढऱ्यावर जाते. दुकानदार असो, शेजारीण असो, नात असो. तुंबल्या नळीतून पाणी फुस्स करत सुटलं की तिच्या हातातलं भांडं गळून पडतं.

डॉक्टरीणबाईंनी तिलाही तपासणीसाठी रक्त द्यायला चारदा बोलावलं. "ताई, सुई टोचायला घाबरता होय?" धाकटी चिडवते.

सुईची भीती नाही. लिव्हर बिघडलेलं निघालं तर केल्या कर्माचं फळ म्हणता येईल, ते सोसता येईल. पण बावीस वर्षं फुंक मारूनही आकडे चोख आले तर? मग तो कागद हातात घेऊन धाकटीसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

तिने अजून रक्त दिलेलं नाही.