सुगराचाचीचा कुडकुड्या

अमडापूरला आमच्या वावराला लागून सुगराचाचीची परसबाग आहे. बोरीचं एक झाड, एक लिंबू, बाकी सगळी वांगी. चाची गाद्या-रजया भरते. दिवाळीच्या आगेमागे तिच्या बोरीवर एक काळं, विटकरी पोटाचं पाखरू यायचं आणि हिवताप भरल्यासारखं शेपूट थरथरवत बसायचं. चाची त्याला कुडकुड्या म्हणायची. "थंडी आणते अन् सोताच कुडकुडते, येडं!" असं म्हणत ती रजईची मोठी सुई शोधायला लागायची.

मग दोन वर्षं तो आलाच नाही. चाचीला चैन पडेना. "काऊन नाही येऊन राह्यला थो?" हे तिनं गावभर विचारलं. कोणी मोबाइलच्या टॉवरवर खापर फोडलं, कोणी तिच्या मांजरीवर. मांजर तिनं वडनेरला बहिणीकडे धाडली. मांजर परत आली ती लठ्ठ होऊन. कुडकुड्याचा पत्ता नाही.

एक दिवस वांगी तोडताना ती थबकली. फळ कसं चकचकीत, पानाला एक भोक नाही. खाली अळी नाही, साधी मुंगी नाही. "छकुली," ती मला म्हणाली, "पाव्हणा इथं येऊन खाईन काय?"

त्याचं कारण होते आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव. बीटी कपाशीला फवारणी लागत नाही, असं ऐकून त्यांनी बियाणं आणलं होतं. पण पंप काही पाठीवरून उतरला नाही. पंपात उरलेलं औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून दोन वर्षांपासून घरी जाताना ते कुंपणावरून चाचीच्या वांग्यांवर मारायचे. शेजारधर्म! चाचीही चहा पाजायची. आता नको कसं म्हणावं? माणूस दुखावेल, आणि गप्प राहिलं तर पाखराचं कोडं कधी सुटायचं नाही.

शेवटी पोळ्यानंतर तिनं धीर केला. "भाऊ, एक साल मारू नोका. मले पाहू द्या."

"पाखरापायी वांगे किडवता?" मामाजी फणकारले आणि चहा न घेताच गेले. पुढे कुंपणाकडे बघणंही त्यांनी सोडलं. वांगी खरंच किडली. निम्मी बकरीला घालावी लागली. दिवाळी झाली, बोर रिकामीच. चाचीचा चेहरा बघवत नव्हता, मलाच वाईट वाटायचं.

थंडी पडल्यावर एका सकाळी तिनं मला कुंपणावरून खुणावलं. "वामनभाऊले बलाव. हळू."

मामाजी कुरकुरत आले. बोरीच्या खालच्या फांदीवर तो बसला होता, शेपूट थरथरवत. टपकन खाली उतरला, वांग्याच्या बुडातली हिरवी अळी उचलली आणि परत फांदीवर. मामाजी बाजेवर टेकले.

"म्हंजे दोन सालं म्या याच्या तोंडचा घास काढला," ते म्हणाले.

"तुमी मायेनं केलं, भाऊ. चहा घ्या."

त्या आठवड्यात कपाशीवर फवारणी होती. मी भाकर घेऊन गेले, तर चाचीच्या कुंपणाजवळची कपाशीची दोन तासं, दोन ओळी, कोरडीच.

"हे काऊन सोडले?" मी विचारलं.

"औषध पुरलं नाही," मामाजी म्हणाले आणि भराभर घराकडे चालू लागले. पाठीवरच्या पंपात औषध डुचमळत होतं.