साडूची जाहीर नोटीस

सन दोन हजार तेवीस. माझं वय बाहत्तर. या बाहत्तर वर्षांत कागदाला देवासारखा भिणारा अन् देवाला कागदासारखा तपासणारा माणूस मी एकच पाहिला, तो आमचा साडू. मुदखेडजवळच्या आमच्या गावात त्याचं रान अन् माझं रान एकाच बांधाला. आधी आम्ही बांधाचे शेजारी, मग एका घरच्या दोन बहिणी करून साडू झालो. त्या दोघीही आता नाहीत. बांध आहे. शाळा म्हणाल तर दोघांची मिळून बेरीज केली तरी एका माणसाची सातवी भरायची नाही. साडू आता इथं नाही, म्हणून हे लिहितोय. असता तर प्रत्येक ओळीखाली माझी सही मागितली असती.

जमीन घ्यायची त्याची रीत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. कुणी रान घ्यायला निघालं की साडूला सोबत न्यायचं. हा चपला हातात घेऊन अनवाणी चतुःसीमा चालायचा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, चारी बांधांच्या शेजाऱ्यांना घरी गाठून विचारायचा, "तुमची काई हरकत?" मग विकणाऱ्याचे भाऊ अन् लग्न करून दिलेल्या बहिणीसुद्धा सहीला बोलवायचा. त्यानंतर नांदेडच्या पेपरात जाहीर नोटीस, कुणाची हरकत असल्यास कळवावे. एवढं झाल्यावर इसाराचे पैसे. रानाचं ठीक आहे हो. एकदा बाजारात यानं बकरी घेतली, तर विकणाऱ्याला म्हणाला, "तुझ्या भावाची संमती कुठाय?" तो बिचारा बकरी ओढत पळाला. खुद्द स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी यानं मांडवात उभं राहून विचारलं होतं, "कुणाची हरकत?" सासऱ्यांनी हात वर करायच्या आत भटजीनं मंगलाष्टक उरकलं, म्हणून हा माझा साडू झाला.

त्याची एकुलती एक पोरगी पोर्तुगालात, दवाखान्यात नोकरीला. गेल्या दिवाळीनंतर ती म्हणाली, बाबा, इथं घर घेते. यानं ठरल्याप्रमाणं नन्नाचा पाढा लावला. पोरीच्या घरी बापानं जाऊन राहायचं नसतं. पोरगी याचीच, ती म्हणाली, "मग तुमचंबी नाव लावते. सवताच्या घरात ऱ्हायला काय हाय?" इथं साडू अडकला.

परक्याच्या मुलखात परक्या माणसानं घर घ्यायचं म्हणजे काय बेजारी असते ते मी डोळ्यानं पाहिलं. आधी तिकडच्या करखात्याचा नंबर. मग तिकडच्या बँकेत खातं. मग घरावर कर्ज-बोजा नाही ना, ते बघायला तिकडचा वकील. याला तिथं जाऊन सही करणं होणार नव्हतं, म्हणून मुखत्यारपत्र. त्यावर नांदेडच्या नोटरीचा शिक्का, मग सरकारचा मोठा शिक्का, मग त्यांच्या भाषेत तर्जुमा. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. साडूचा चेहरा असा फुलला, जसा काही पोराचा पाळणाच आहे. वर म्हणतो, "हे लोक कच्चे हाईत. शेजाऱ्याला कुणीच विचारून नाही राहिलं."

मग पोरीला फोन हातात धरून घरभर चालायला लावलं. इकडं हा अंगणात चपला काढून उभा. घर तिसऱ्या मजल्यावर. "खाली कोण?" "एक म्हातारी ऱ्हाते, बाबा." "जा, इचारून ये." पोरगी गेली, फोन दाखवला. म्हातारीनं याला हात केला अन् पोरीच्या हातावर लिंबं ठेवली. साडू मला सांगत आला, "म्हातारीची हरकत नाही!" नाव लावलं तरी राहणार पोरगीच, असं समजून मीबी हसलो. मी, गाढव.

पंधरा दिवसांनी नांदेडच्या पेपरात नोटीस आली. पेपरातल्या बाकी बातम्या मी वाचत नाही, पुढारी तेच अन् खोटं तेच. जाहीर नोटिसा मात्र बोट ठेवून वाचतो. तर त्यात साडूचं नाव. पोर्तुगाल देशातील घर, चतुःसीमा येणेप्रमाणे, खाली म्हातारी, वर आभाळ. अन् शेवटी लिहिलेलं, सदर घरात मी कायम राहण्यास जाणार असून कुणाची हरकत असल्यास कळवावे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपर तसाच चुरगाळून नांदेड गाठलं अन् नोटीस देणाऱ्या त्याच्या वकिलाच्या टेबलावर कागद आपटला. "माझी हरकत आहे." खाली सही. वकील हसला, "काका, याला कायद्यात किंमत नाही."

"मंग नोटिशीला हाय?"

वकिलानं तो कागद साडूकडं धाडला. साडू मात्र हसणारातला नव्हता. त्यानं पोरीला कळवून टाकलं, हरकत आली, निकाल लागल्याबगर मुखत्यारपत्रावर सही होणार नाही. आठवड्यानं पोरीचा मला फोन. "काका, इसाराची मुदत संपत आली. घराला दुसरं गिऱ्हाईक लागलंय. हे घर गेलं तर बाबा पुन्हा तयार व्हायचे न्हाईत. तुमची हरकत काय हाय ते तरी सांगा."

"लिहून दिली हाय."

"त्यात नुसतं हरकत आहे, एवढंच हाय की हो!"

मी फोन ठेवला अन् तडक बांधावर गेलो. साडू बाभळीखाली बसला होता. मी म्हणालो, "त्या म्हातारीनं तुझं तोंड कधी बघितलं न्हाई, तिला घरी जाऊन इचारलं. मी सारी हयात तुझ्या बांधाला, अन् मला पेपरात? मी काय मेलो होतो?"

त्यानं काडीनं बांधाची माती उकरली. मग म्हणाला, "घेताना शेजाऱ्याला कसं इचारावं ते मला येतं. सोडून जाताना कसं इचारतात, त्याची रीत कुणी शिकवली न्हाई. चार बार तुझ्या दारापतूर आलो अन् माघारी गेलो. म्हणून पेपरात दिली. त्या नोटिसा तुझ्याबगर कोण वाचतंय?"

"मी हरकत मागं घेणार न्हाई," मी म्हणालो.

"नको घेऊ. मग मी ऱ्हातो. पोरीला तसं सांगतो."

खोटं बोलत नव्हता तो. राहिला असता. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. माणसानं भांडायला तरी पाहिजे होतं. पोरगी तिकडं एकटी, हा इकडं एकटा, अन् मधी माझा एक ओळीचा कागद. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. दिवस बुडाला तसे आम्ही आपापल्या बाजूनं उठलो, बांध मधी ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून मी मुदखेड ठेसनावर गेलो, नांदेडची दोन तिकिटं काढली अन् साडूला घरून उठवून गाडीत बसवलं. नोटरीपुढं त्यानं मुखत्यारपत्रावर सही केली अन् त्याखाली साक्षीदार म्हणून मी केली. नोटरी शिक्का उचलणार, तेवढ्यात साडूनं त्याचा हात धरला. खिशातून माझ्या हरकतीचा कागद काढला, चष्मा लावला अन् माझ्या दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून लई वेळ बघत राहिला.

"सही जुळती," तो म्हणाला. "मारा शिक्का."